सक्ती आमच्यावर, मग हमी कुणावर?



आज पिकाची नोंद नाही, रेंजची आहे. या खरिपात फवारणीला जेवढ्या चकरा मारल्या, त्याहून जास्त रेंज शोधायला मारल्या. वाचणारे निम्मे तरी मान हलवतील. कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले मित्रही हे पान वाचतात. त्यांच्यासाठीही हे लिहितोय, कारण त्यांचा सल्ला आमच्यापर्यंत याच वाटेनं येतो.

म्हणणं सरळ आहे. गावातलं इंटरनेट वीज-पाण्यासारखी अत्यावश्यक सेवा म्हणून कायद्यात धरलं पाहिजे. सरकारनं ते आमच्यासाठी आधीच अत्यावश्यक करून ठेवलंय. सक्ती आमच्यावर आली, पण पुरवण्याची जबाबदारी कुणावरच टाकली नाही.

यादीच करू.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पूर्वी पीकपेरा तलाठी लिहायचा, आता आपण बांधावर उभं राहून फोटो काढायचा आणि चढवायचा. मुदतीत नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही. मग हमीभावाच्या खरेदीची ऑनलाइन नोंदणी अडते. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. नोंदणी हुकली की माल बाजारात न्यायचा आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा.

ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी सक्तीचा झाला. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये हवेत तर ई-केवायसी करा. ठिबक, अवजारं, शेततळं, सगळ्याचे अर्ज महाडीबीटीवर. पंतप्रधान पीकविम्यात स्थानिक आपत्तीचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवा, असा नियम. ज्या पावसानं पीक आडवं होतं, त्याच पावसात लाईट जाते आणि लाईटीमागं टॉवरही जातो. त्या ७२ तासांतले पहिले ४८ तर गावात काळोख असतो. घड्याळ मात्र चालूच!

ओटीपीची तर वेगळीच तऱ्हा. फॉर्म भरणारा पोरगा तालुक्याच्या सेवा केंद्रात, आधारला जोडलेला फोन घरी म्हाताऱ्याकडं, आणि म्हातारा रेंजसाठी माळावर. ओटीपी पोचेपर्यंत त्याची वेळ संपलेली. पुन्हा पहिल्यापासून. एका अर्जामागं गाडीचं पेट्रोल, केंद्रवाल्याचे पैसे आणि मोडलेला रोज धरा. हा खर्च उत्पादन खर्चात कुणी धरत नाही, पण तो खिशातूनच जातो.

आणि नुसत्या पैशाचा प्रश्न नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं दामिनी ॲप बनवलंय. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते आधी सूचना देतं. फार उपयोगी काम. पण वळवाचं आभाळ भरून आलं की आमच्याकडं पहिली जाते ती रेंज. रानात बाया खुरपत असतात, तेव्हा ती सूचना कुठं उतरायची?

कृषी विद्यापीठांचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. राज्य सरकारनं जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्याला पहिल्या ३ वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले. चांगली गोष्ट आहे, विरोध नाही. पण शास्त्रज्ञ मित्रांनो, पानावरच्या रोगाचा फोटो चढायलाच अर्धा तास लागत असेल, तर पलीकडचं एआय कितीही हुशार असून काय करणार? पाट खोदायच्या आधी बाग लावण्यातला हा प्रकार झाला.

आता यावर लोक काय म्हणतात ते बघू.

पहिलं म्हणणं: "आधी रस्ता, पाणी, वीज द्या, मग इंटरनेट." ऐकायला बरोबर वाटतं. पण वीजजोडणीचा अर्ज ऑनलाइन, सौर पंपाचा ऑनलाइन, बिलाची तक्रार ऑनलाइन. बाकीच्या सोयी मागायचं दारच तिकडं हलवलंय. दार बंद ठेवून रांगेत थांबा म्हणणं बरं नव्हे.

दुसरं: "हातात मोबाईल आहे, फोरजी आहे, अजून काय पाहिजे?" नकाशावर फोरजी असणं वेगळं आणि वाडीवर, खोलगट रानात, लोडशेडिंगमध्ये चालणं वेगळं. एका टॉवरवर चार गावं, संध्याकाळी सगळे एकदम सुरू. ट्रायच्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे कमीत कमी २ एमबीपीएस. आपल्या गावात संध्याकाळी सातला मोजून बघा.

तिसरं: "गावात नेट आलं की पोरं रील बघत बसतात." बघतात. वीज आली तेव्हा लोक टीव्हीही बघायला लागले. म्हणून कुणी मोटारीची लाईन तोडली नाही.

चौथं म्हणणं जरा दमदार आहे: "खर्च कोण करणार? विरळ वस्तीत कंपनीला परवडत नाही." कंपनीला परवडत नाही हे मान्य. पण त्यासाठीचा पैसा वर्षानुवर्षं जमा होतोच आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा ५ टक्के हिस्सा ग्रामीण सेवेसाठी वेगळा घेतला जातो. आधी त्या निधीला यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं नाव डिजिटल भारत निधी केलं. कंपनीचा महसूल म्हणजे शेवटी तुमचा-माझा रिचार्ज. तेव्हा आम्ही फुकट मागत नाही, आगाऊ भरलेल्याची पावती दाखवतोय.

योजनाही नवी नाही. गावोगाव फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली, पुढं तिचंच भारतनेट झालं. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. बऱ्याच ठिकाणी फायबर पंचायतीच्या खोलीपर्यंत आलं, पेटी भिंतीवर बसली आणि तिथंच थांबलं. कुठं पेटीला लाईट नाही, कुठं रस्ता रुंद करताना जेसीबीनं केबल तोडली आणि जोडायला कुणी फिरकलं नाही. पंचायतीपासून घरापर्यंतची वाट तर सुरुवातीला कुणी मनावरच घेतली नाही. धरण बांधलं, मुख्य कालवा काढला आणि चाऱ्या काढायच्या राहिल्या, हे आपण पाण्याच्या बाबतीत बघितलंय. तेच इथं झालं.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी मंजूर केले. त्यात पंचायती रिंग पद्धतीनं जोडायच्या, म्हणजे लाइन एकीकडून तुटली तरी दुसरीकडून पुरवठा चालू राहील. शिवाय जिथं पंचायत नाही अशा सुमारे ३.८ लाख गावांना मागणीनुसार जोडणी. "मागणीनुसार" हा शब्द लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

पैसा आहे, योजना आहे, मग अडतंय कुठं? जबाबदारीत अडतंय.

वीज कायदा २००३ चं कलम ४३ बघा. अर्ज आल्यावर एका महिन्यात वीजपुरवठा देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. आता तुम्ही म्हणाल, "अरे, मग आमचं कोटेशन भरून पेड पेंडिंग किती वर्षं पडलंय?" पडलंय, खरं आहे. पण तिथं भांडायला जागा आहे. ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, वीज नियामक आयोग आहे, उशिराबद्दल भरपाईचा नियम आहे. इंटरनेटमध्ये "मला जोडणी द्या" असं कायद्यानं कुणाला बजावताच येत नाही.

ट्रायनं २०२४ च्या नियमात सेवा बंद पडल्यावर ग्राहकाला सूट किंवा मुदतवाढ द्यायची तरतूद केली, पण ती जिल्हा पातळीवर २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर. एका गावाचा टॉवर आठवडाभर मुका राहिला, तर हिशोबात जिल्हा चालूच असतो. पैसेवारी ठरवताना जो अनुभव येतो तोच. सरासरीत आपलं नुकसान विरघळून जातं.

न्यायालयं मात्र पुढं गेलीत. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हे घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात धरलं. तो खटला ई-केवायसीतल्या अडचणींचाच होता, दिव्यांगांनी लढलेला. हक्क मान्य झालाय. आता तो गावच्या खांबापर्यंत आणणारा नियम पाहिजे.

म्हणून मागण्या चारच:

१. अर्ज केल्यावर ठरलेल्या मुदतीत जोडणी देण्याचं कर्तव्य कुणावर आहे ते कायद्यात लिहा.
२. बंद पडल्याची मोजणी गावनिहाय करा, आणि भरपाई न मागता खात्यात द्या.
३. टॉवरला आणि पंचायतीतल्या पेटीला बॅटरीची सोय सक्तीची करा.
४. हे होईपर्यंत, ज्या गावात नेट बंद होतं तिथं त्या दिवसांची मुदत आपोआप वाढवा. पीक पाहणी, विमा, नोंदणी, सगळ्याची. कागदावरचा अर्जही घ्या.

चौथ्या मागणीला तर खड्डाही खणावा लागत नाही, केबलही लागत नाही. एका शासन निर्णयाचं काम आहे.

आपण काय करायचं? येत्या ग्रामसभेत भारतनेटच्या जोडणीची मागणी ठरावात घ्या. वाड्या-वस्त्यांची नावं घालून घ्या, कारण मागणीनुसार द्यायचं तर मागणी कागदावर पाहिजे. नेट कोणत्या दिवशी किती वेळ बंद होतं ते पावसाच्या नोंदीशेजारी लिहीत चला. कृषी सहायक मित्रांनो, मुदतीत नोंद न झालेल्या शेतकऱ्यांचा अहवाल वर पाठवताना "शेतकरी उदासीन" लिहू नका. रेंज नव्हती, तर रेंज नव्हती असंच लिहा.

ठरावाचा मसुदा कुणाला हवा असेल तर सांगा, लिहून देतो. पुढची नोंद हरभऱ्यातल्या घाटेअळीवर. टाकीन, रेंज मिळाली की.