‘कन्सल्टंट’ बाईचे बाळंतपण कोणाच्या खात्यावर?

मागच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुनी मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, महिन्याला लाखभर कमावणाऱ्या, घरात पंख्याखाली बसून काम करणाऱ्या बायांसाठी आपण रडायचं? मग मोलकरणींचं, बिडीवाल्यांचं कोण बघणार?’’ त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज देते आहे. पण आधी एक कबुली दिली पाहिजे, कारण या प्रश्नात मी नुसती साक्षीदार नाही.

गेली एकवीस वर्षे मी पगारपत्रके करते. आधी भोसरीच्या एका कारखान्यात : हजेरीपट, ओव्हरटाइम, प्रॉव्हिडंट फंडाचे चलन. नंतरची वर्षे पुण्यातल्या एका सल्लागार कचेरीत. तिथली गिऱ्हाइके म्हणजे परदेशी कंपन्या. भारतात त्यांची ना कचेरी, ना दारावर पाटी. पण इथली माणसे मात्र कामाला हवी. त्यांना आम्ही दोन रस्ते सांगायचो. पहिला : इथल्या एखाद्या कंपनीमार्फत माणूस रीतसर नोकरीवर घ्या. कागदावर मालक ती कंपनी, काम तुमचे. मग फंड, ग्रॅच्युइटी, रजा हे सगळे आले, आणि त्या कंपनीचा दरमहाचा आकारही आला. दुसरा : नोकर म्हणूच नका, ‘कन्सल्टंट’ म्हणा. ती महिन्याला बिल पाठवील, तुम्ही ते भागवा.

दोन्ही रस्त्यांच्या खर्चाचा तक्ता मी करत असे. त्यात शेवटी ‘बचत’ असा एक रकाना असे. मैत्रिणींनो, बचत कशाची? फंडाची, ग्रॅच्युइटीची, आणि बाई असेल तर तिच्या बाळंतपणाची!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मूळची साताऱ्याकडची एक मुलगी एका युरोपीय कंपनीचे काम तीन वर्षे करत होती. दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ संगणकासमोर हजर राहायचे. रजा हवी तर आधी मागायची. दुसऱ्या कोणाचे काम घ्यायचे नाही. आणि हिला म्हणायचे ‘स्वतंत्र व्यावसायिक’! चौथा महिना लागल्यावर तिने वरिष्ठांना सांगितले. पंधरा दिवसांत पत्र आले : कामाची गरज संपली आहे, करारानुसार तीस दिवसांची नोटीस. त्या पत्राचा मसुदा माझ्या हातचा होता. तिने मला फोन केला. ‘‘मॅडम, मला बाळंतपणाची रजा किती मिळेल?’’ मी म्हणाले, ‘‘तुम्ही नोकरीत नाही आहात.’’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मग तीन वर्षं मी कुठे होते?’’

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केले की हक्क लागू. आता हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. दुकाने-कचेऱ्यांना ती दहा माणसांपासून लागते. त्या कंपनीची भारतात चौदा माणसे होती, चौदा घरांत विखुरलेली. पण हजेरीपटच नाही, तर दहा मोजणार कोण? भांडायचे तर करारात लिहिलेले, की वाद त्या देशाच्या कोर्टात चालेल. चार महिन्यांची गरोदर बाई कोणत्या कोर्टाची पायरी चढणार होती?

आणि त्याच कंपनीच्या मायदेशात? युरोपीय समुदायाच्या १९९२ च्या निर्देशाप्रमाणे तिथल्या नोकरदार बाईला बाळंतपणाची किमान १४ आठवड्यांची रजा आहे आणि केवळ गरोदर म्हणून तिला काढता येत नाही. म्हणजे कंपनीला बाळंतपण ठाऊक नव्हते असे नाही. तिकडच्या बाईचे बाळंतपण हक्क आणि इकडच्या बाईचे ‘बचत’, एवढाच फरक.

आता बिडीकडे येते, कारण मैत्रिणीने बिडीचेच नाव घेतले. सोलापूरच्या बाया घरी बसून बिड्या वळतात. कारखानदार म्हणत, या आमच्या कामगार नव्हेत, घरी बसून वाटेल तेव्हा वळतात. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला फंड लागू असल्याचे सांगितले. खराब बिडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजेच देखरेख त्याची आहे, असा तो न्याय. २००० मध्ये त्याच न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायांना बाळंतपणाचा लाभ दिला. या बायांनी आणि त्यांच्या संघटनांनी जे लढून मिळवले, तेच आज संगणकाच्या पडद्याआड परत घेतले जात आहे. म्हणून हा ‘त्यांचा की यांचा’ असा प्रश्नच नाही. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या बाईला ‘तू कामगार नाहीस’ हे पटवता आले, तर उद्या मोलकरणीलाही ‘कन्सल्टंट’ म्हणायला किती वेळ लागणार?

पगार मोठा दिसतो, हे खरे. पण त्यातूनच विमा, म्हातारपण, आजारपण आणि कामाविना जाणारे महिने भागवायचे. शिवाय घरची माणसे म्हणतात, ‘घरीच तर असतेस!’ मग मीटिंग चालू असताना कुकरच्या शिट्ट्याही तिनेच मोजायच्या. बाईने घर सोडू नये ही आपल्याकडची अपेक्षा परदेशी मालकाच्या पथ्यावरच पडते. पाळणाघर नको, कचेरी नको, आणि नकोशी झाली की नोटीसही पडद्यावरच.

एक दोष आपल्या कायद्यातही आहे, तोही बोलू. राज्य विमा योजनेबाहेर बाळंतपणाचा सगळा खर्च एकट्या मालकावर पडतो, म्हणून तो बाईच टाळतो. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने हा पैसा सरकारी निधीतून किंवा विम्यातून द्यावा असे म्हटले होते. शंभर वर्षे उलटली तरी आपण तिथे पोचलो नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कामाची वेळ, पद्धत आणि रजा मालक ठरवत असेल तर करारात काहीही लिहिलेले असो, ती कामगार. ती तशी नाही हे मालकाने सिद्ध करावे. भारतात माणूस राबवणाऱ्या परदेशी कंपनीचा नोटीस घेणारा पत्ता भारतात असावा. आणि बाळंतपणाचा पैसा सामाईक निधीतून मिळावा. घरपोच सेवावाल्या कंपन्यांकडून उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा घेण्याची तरतूद संहितेत आहेच. मग परदेशी मालकाला सूट कशासाठी?

एक हक्क मात्र आजही हाताशी आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कंत्राटावरची बाई येते आणि राहते घरही कामाची जागा ठरू शकते. दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

ते पत्र लिहिल्याला दोन वर्षे झाली. मी ती कचेरी सोडली, पण पत्र परत घेता येत नाही. ज्या मैत्रिणी असे बिल पाठवून पगार घेतात, त्यांनी आपला करारनामा घेऊन पुढच्या बैठकीला यावे. कोणते कलम कशासाठी घातले आहे, हे मी सांगेन. घालणारी मीच होते.