कल्पना घ्या, शब्द उचलू नका!



"आम्ही डोकं लावून प्रॉडक्टचं वर्णन लिहितो आणि दुसरा दोन मिनिटांत उचलतो. काय करायचं?" हा प्रश्न तुम्ही मला सारखा विचारता. याचं चांगलं उत्तर मला धंद्यात नाही, तर फॅन फिक्शनच्या दुनियेत दिसतं.

फॅन फिक्शन म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या गोष्टी. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही त्यातली मोठी साइट २००९ पासून चालू आहे. ती स्वयंसेवक चालवतात आणि तिथे गोष्टी विकायला मनाई आहे. म्हणजे लेखकाला मिळतं ते फक्त नाव. त्याचे शब्द चोरले, तर त्याची सगळी कमाईच गेली की!

मग चोरी पकडतात कशी? उचलणारा बऱ्याचदा पात्रांची नावं बदलतो आणि बाकी मजकूर तसाच ठेवतो. म्हणून शोधताना नाव नसलेलं, खास आपल्या ढंगातलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. कधीकधी एखादं जुनं नाव बदलायचं राहून जातं आणि चोर तिथेच सापडतो! पण सगळंच गुगलला दिसत नाही. काही गोष्टी फक्त खातं असलेल्यांनाच वाचता येतात. तिथे खरा पहारेकरी म्हणजे नेहमीचा वाचक. धंद्यात हेच काम तुमचं जुनं गिऱ्हाईक करतं.

तक्रारीची रीतही शिकण्यासारखी आहे. "माझं चोरलं" एवढं म्हणून भागत नाही. दोन्ही गोष्टींच्या लिंक द्यायच्या, जुळणारे परिच्छेद दाखवायचे. कथेची कल्पना सारखी असणं म्हणजे चोरी नव्हे. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं: कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. तुम्ही लिहिलेल्या मजकुराला आणि काढलेल्या फोटोला १९५७ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण शेजाऱ्यानेही नाचणीचे लाडू विकायला काढले, म्हणून त्याला चोर म्हणू नका.

माझं स्पष्ट मत सांगतो. पुरावा हातात नसताना स्टेटसवर कुणाचं नाव टाकून बदनामी करणं चोरीइतकंच वाईट. आरोप खोटा निघाला तर समोरच्याचा धंदा बसतो आणि तुमचा शब्द कायमचा हलका होतो.

आणि चोरी कमी करायची असेल, तर नाव देणं सोपं करा. त्या साइटवर गोष्ट टाकतानाच 'ही अमुक गोष्टीवरून सुचली' असं जोडायची सोय आहे. तुम्हीही पॅम्फ्लेटवर, फोटोखाली सरळ लिहा: "वापरायचं असेल तर विचारा, नाव द्या." विचारायचं कुणाला हेच कळत नसेल, तर चांगला माणूससुद्धा न विचारता उचलतो.

आजचं काम: तुमच्या वर्णनातलं एक वाक्य शोधून बघा. सापडलं, तर आधी तारखेसकट स्क्रीनशॉट, मग शांतपणे खासगी मेसेज. त्याने ऐकलं नाही, तरच पुरावा जोडून त्या ॲपकडे तक्रार.

आणि हो, तुमच्या पेजवर दुसऱ्याचं एखादं वाक्य तर नाही ना? ते आजच काढा.