लास व्हेगासच्या कामगारांचा कौल

२०२० साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत बर्नी सँडर्स यांनी खाजगी विम्याच्या जागी सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्यविमा मागितला. कामगारांनी लढून मिळविलेली आरोग्ययोजना त्यामुळे संपेल, असा इशारा लास व्हेगासच्या हॉटेल कामगार युनियनने दिला. तरीही २२ फेब्रुवारीस तेथील बड्या हॉटेलांतील बहुतेक मतदान-सभांत सँडर्स यांनाच कौल मिळाला.

मार्चमध्ये महामारीने हॉटेले बंद पडली. नोकरीला बांधलेला विमा किती तकलादू असतो, हे उघड झाले. एप्रिलमध्ये सँडर्स यांनी माघार घेतली; उमेदवारी या योजनेचे विरोधक जो बायडेन यांच्याकडे गेली.

सामान्य कामगार नेतृत्वाहून दूरदर्शी ठरला. आरोग्य ही एका कराराची कमाई नव्हे, साऱ्या श्रमजीवी वर्गाचा हक्क आहे. त्यासाठी मतपेटीबाहेरही संघटित लढा हवा.