मलम कधी थांबवायचं?

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या औषधांच्या दुकानात रांगेत उभी होते. पुढचा तरुण म्हणाला, “भैया, दाद की क्रीम देना.” दुकानदाराने स्टिरॉइड असलेली ट्यूब पुढे केली. कुठे आलंय, कधीपासून आहे, डॉक्टरांनी पाहिलंय का, एकही प्रश्न नाही. त्याच संध्याकाळी शेजारची मैत्रीण भेटली. दिल्लीची कोरडी थंडी सुरू झाली की तिच्या मुलाच्या कोपरांच्या खोबणीत इसब उठतो. डॉक्टरांनी दिलेल्या मलमावर ‘स्टिरॉइड’ वाचून तिने ट्यूब कपाटात टाकली होती. मूल रात्रभर खाजवत होतं.

त्या तरुणाला भीतीच नाही, हिला नको तितकी. हे औषध काय करतं, ते दोघांनाही कुणी नीट सांगितलेलं नाही.

स्टिरॉइड त्वचेतला दाह शमवतं. इसब किंवा सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण भडकलेली असते, म्हणून तिथे ते उपयोगी पडतं. गजकर्ण, म्हणजे त्या तरुणाची ‘दाद’, मात्र बुरशीमुळे होतं. तिथे स्टिरॉइडने खाज आणि लाली चटकन उतरते, माणूस खूश होतो, आणि प्रतिकार मंदावल्यामुळे बुरशी मोकाट पसरते. चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखणं जड जातं. गोरेपणासाठी चेहऱ्यावर हेच मलम महिनोन्‌महिने चोपडणाऱ्यांची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, लव वाढते. थांबवलं की चेहऱ्याची आग होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना या अवस्थेसाठी ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ असं वेगळं नाव द्यावं लागलं.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यासाठी आयएडीव्हीएल या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला होता. पण नियमाची अंमलबजावणी राज्यांकडे असते, आणि आपल्या राजधानी परिसरात दिल्ली, नोएडा, गुरुग्राम म्हणजे तीन निरनिराळी औषध-नियंत्रण खाती. तिघांनीही दुकानात चिठ्ठी तपासली जाते की नाही हे पाहिलंच पाहिजे. एकाच शहरात कडक नियम ठेवून भागणार नाही, कारण मेट्रोने अर्ध्या तासात दुसरं राज्य येतं.

तोवर आपण डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत : आजाराचं नाव काय? हे मलम किती तीव्र आहे? नेमकं कुठे लावायचं? आणि कधी थांबवायचं? १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, तर क्लोबेटासोल अतितीव्र. क्लोबेटासोल साधारणपणे सलग २ आठवड्यांहून जास्त वापरत नाहीत. चेहरा, काखा, जांघा इथली त्वचा नाजूक असते, म्हणून तिथे तीव्र मलम स्वतःच्या मनाने लावूच नये. मापही सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. सोबत साधं मॉइश्चरायझर भरपूर लावावं. आणि महिनोन्‌महिने तीव्र मलम लावलेलं असेल, तर एकदम न थांबवता डॉक्टरांना विचारूनच कमी करावं.

मैत्रिणीने डॉक्टरांना फोन करून चारही उत्तरं घेतली आणि थांबायची तारीख ट्यूबच्या खोक्यावर पेनाने लिहिली. मुलगा आता रात्री झोपतो. त्या तरुणाला मात्र विचारणारं काउंटरच्या अलीकडे-पलीकडे कुणी नव्हतं. मीही रांगेत गप्प उभी राहिले. पुढच्या वेळी नाही राहणार.

(लेखिका दिल्लीत राहतात आणि दर आठवड्याला आरोग्यविषयक स्तंभ लिहितात.)