ग्रंथालयातील एक पान

गेल्या पावसाळ्यात आमच्या ग्रंथालयातून युरोपीय चित्रकलेवरील एक जाड पुस्तक नववीतल्या एका विद्यार्थ्याने घरी नेले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे वडील ते परत घेऊन आले. एका पानावर त्यांनी बोट ठेवले होते. "सर, एवढे पान कापून टाका. मुलांच्या हाती असे काही देऊ नये," इतकेच ते म्हणाले. गृहस्थ संत्र्यांचे व्यापारी, वृत्तीने सौम्य. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून येथे देत आहे.

ते पान आलेक्सांद्र काबानेल या फ्रेंच चित्रकाराच्या 'व्हीनसचा जन्म' या चित्राचे. १८६३ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते मांडले गेले, आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते स्वतःसाठी विकत घेतले. साडेसात फूट लांबीच्या त्या पटावर प्रीतीची देवता लाटेवर विवस्त्र पहुडली आहे व वर पंख असलेली बालके शंख फुंकीत आहेत. रंगकाम निर्दोष आहे. तथापि कादंबरीकार झोला याने पुढे त्या देहाला गुलाबी-पांढऱ्या बदामी मिठाईची उपमा दिली, ती मला अगदी पटते.

याच पॅरिसात १८६५ साली माने या चित्रकाराची 'ऑलिंपिया' लोकांपुढे आली. तीही विवस्त्रच, परंतु तिला ना लाट, ना शंख, ना देवीचे नाव. ती शहरातली एक स्त्री होती आणि पाहणाराकडे सरळ पाहत होती. लोक इतके खवळले की चित्राजवळ पहारा ठेवावा लागला व शेवटी ते उंच टांगावे लागले. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्यांनी व्हीनसचे कौतुक केले, त्यांना विवस्त्रतेचा विटाळ नव्हताच. पुराणाचा पडदा तेवढा हवा होता. त्या सद्गृहस्थांना जे खटकले ते बहुधा हेच, आणि त्यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. चुकला तो उपाय. पान कापले तर मुलाला एवढेच कळेल की काहीतरी लपविले आहे.

त्या पानाशेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे असे मी सुचवितो. राजा रविवर्मा यांनी हीच युरोपीय तैलरंगाची रीत उचलली. १८८८ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांजकडून चौदा पौराणिक चित्रे करविली. पुढे १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. तो नंतर लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. एकेका रंगासाठी निराळा दगड, असे ते कष्टाचे काम. आमच्या या पालकांच्या पेढीवर कमळात उभी असलेली जी लक्ष्मी आहे, ती त्याच वळणाची आहे. तिच्या अंगावरचे लुगडे त्यांनी रोज पाहिले असेल, परंतु ते तिला कोणी नेसविले याचा विचार सहसा आपण कोणीच करीत नाही.

रविवर्मा यांची मी भलावण करीत नाही. त्यांच्या कित्येक नायिका रंगभूमीवरच्या पात्रांप्रमाणे उभ्या राहतात. परंतु त्या कारखान्याचे पहिले छापील चित्र 'शकुंतलाजन्म' पाहा. मेनका तान्ही मुलगी पुढे धरते आहे आणि विश्वामित्र हात आडवा करून तोंड फिरवितो आहे. मेनका अप्सरा, काबानेलला जी सवलत देवीच्या नावाने मिळाली, ती येथेही घेता आली असती. चित्रकाराने मात्र पाहणाराचे डोळे त्या आडव्या हाताकडे आणि उघड्यावर पडणाऱ्या त्या पोरीकडे लावले. हे चित्र वर्गात दाखविले तेव्हा पहिल्या बाकावरील एका मुलीने विचारले, "मग तिला घेतले कोणी?" कण्वाश्रमाची कथा सांगता सांगता तो तास संपला. व्हीनसचे चित्र मी वर्गात पुष्कळ वेळ उघडे ठेवले तरी असा प्रश्न कोणी विचारील असे मला वाटत नाही.

पुस्तक ग्रंथालयात आहे आणि पान शाबूत आहे. त्या पानाला लागून मी शकुंतलाजन्माची एक छापील प्रत ठेविली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तेथे असतो. त्या गृहस्थांनी व इतर पालकांनी अवश्य यावे. दोन्ही चित्रे पाहूनही पान कापावेसे वाटले, तर आपण पुन्हा बोलू.