कारीट, वडा आणि भोपळा



२०२४ साली नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान ३१ ऑक्टोबरला आलं होतं. हॅलोविनही त्याच दिवशी! अडाजणच्या आमच्या सोसायटीतल्या मुलांनी संध्याकाळी भुताचे मुखवटे घालून घरोघर चॉकलेटं मागायचा बेत केला आणि आमच्या घरात वाद पेटला.

"सणासुदीला भूत होऊन फिरायचं? हे आपलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

लेकीने विचारलं, "मग आजी, काल समोरच्या मासी चार रस्त्यावर वडे ठेवून आल्या, ते आपलं आहे का?"

काळी चौदस म्हणजे काय, हे सुरतकरांना सांगायला नको. वडे तळायचे, संध्याकाळी चौकात ठेवायचे, भोवती पाण्याचं रिंगण करायचं आणि मागे न बघता घरी यायचं. याला 'ककळाट काढणं' म्हणतात. घरातली कटकट, भांडणं, पीडा बाहेर गेली पाहिजे! आमच्या कोकणात याच चतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडतात. ते फळ म्हणजे नरकासुर.

आता हॅलोविनकडे वळू. आयर्लंड, स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा 'साविन' नावाचा सण होता. सुगी संपायची, हिवाळा लागायचा, गुरं कुरणांतून घरी आणायची, मोठमोठ्या होळ्या पेटवायच्या. या रात्री आपलं जग आणि पलीकडचं जग यांच्यातलं दार उघडतं, अशी समजूत होती. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागे.

पुढे ख्रिस्ती धर्म आला. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून युरोपात रूढ झाला, नंतर २ नोव्हेंबर मृतात्म्यांसाठी ठरला. 'हॅलो' म्हणजे संत आणि 'ईन' म्हणजे आदली संध्याकाळ. म्हणजे रात्र केल्टिक, पण नाव चर्चचं! इंग्लंडमध्ये या दिवसांत गरिबांना गोड केक देत आणि ते त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत. आपल्याकडेही दिवाळीच्या अमावास्येला पितरांना वाट दाखवण्यासाठी चूड पेटवायची, म्हणजे उल्कादानाची, रीत धर्मग्रंथांत सांगितली आहे.

आणि भोपळा? आयरिश लोक दिवा करायला सलगम कोरायचे. १८४५ नंतर बटाट्याच्या दुष्काळामुळे लाखो लोक अमेरिकेला गेले. तिथे भोपळे मुबलक, मोठे आणि कोरायला सोपे. सलगम मागे पडलं, दिवा राहिला.

हे वाचलं आणि मला आमच्या काकांची आठवण आली. सासऱ्यांचे धाकटे भाऊ. दर दिवाळीला रत्नागिरीहून येताना ते पिशवीत कारिटं घेऊन यायचे. २०२२ मध्ये ते गेले आणि आमच्याकडे कारीट यायचं थांबलं. दोन वर्षं सासूबाई अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे नुसता नमस्कार करून आत येत होत्या. कोणी काही बोलत नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना सलगमाची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग नातीला म्हणाल्या, "जा, पण साडेसातच्या आत घरी ये. आल्यावर काकाआजोबांच्या नावाने एक पणती लाव."

गेल्या वर्षी काळी चौदसला आमच्याही घरी वडे तळले. मासींबरोबर सासूबाई चौकात गेल्या. परतताना मासींनी त्यांना बजावलं, "पाछळ जोता नहीं हं!"

मित्रहो, हॅलोविन खेळा, खुशाल खेळा. पण यंदा आजी-आजोबांना एवढं जरूर विचारा, की तुमच्या गावी या चतुर्दशीला काय करायचे? कोकणात एक, खानदेशात दुसरं, देशावर तिसरं, असं ऐकायला मिळेल. ते लिहून ठेवा. वस्तू बदलली तरी चालते, पण ती कशासाठी होती हे सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.