कुत्रा आणि घरखर्च

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या आठवीच्या वर्गात तास चालू असताना मागच्या बाकावरून ‘कुंईऽ’ असा आवाज आला. सगळी मुले हसू लागली. मी जवळ जाऊन पाहिले, तर एका मुलाच्या दप्तरात तांबूस रंगाचे, भिजलेले एक पिलू होते. एस.टी. स्टँडजवळ पावसात कुडकुडत बसलेले ते पिलू त्याने उचलून आणले होते. वह्या त्याने मित्राच्या दप्तरात ठेवल्या होत्या.

मी त्याला रागावणार, एवढ्यात त्यानेच मला विचारले, “सर, मी याला पाळणार आहे. पण अब्बा म्हणतात, कुत्री श्रीमंत लोक पाळतात. आपल्यासारख्यांना ते परवडत नाही. हे खरं आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. त्याचे वडील धाटावच्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास मिळतात आणि घरात खाणारी माणसे सहा. ‘हो’ म्हणावे, तर पोराचे मन मोडते. ‘नाही’ म्हणावे, तर उद्या खर्चाचा बोजा त्या वडिलांवर पडतो. शेवटी मी म्हणालो, “बेटा, उद्या मला याच्या खर्चाचा हिशेब लिहून आणून दाखव. मग बोलू.”

हिशेबाच्या बाबतीत आपले रोहे काही मागासलेले नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री असलेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण याच गावात गेले. त्यांनी देशाचे अंदाजपत्रक मांडले, आपण एका पिलाचे मांडू, असे मी वर्गाला गमतीने सांगितले.

दुसऱ्या दिवशी मुलाने कागद आणला. पहिली ओळ होती : ‘खाणे – उरलेले अन्न – ० रुपये.’ दुसरी ओळ होती : ‘पट्टा व साखळी – ३०० रुपये.’ झाला हिशेब पुरा!

मी विचारले, “तुमच्या घरी रोज किती अन्न उरतं?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “कधी कधी उरतं, सर. पण मग अम्मी तेच सकाळी नाश्त्याला परतून देते.”

कुत्र्याच्या खर्चाविषयी आपण सगळेच इथे फसतो. उरलेल्यावर कुत्रा जगतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण ज्या घरात मोजून भाकरी होतात, त्या घरात उरते कुठे? तिथे कुत्र्याच्या तोंडात गेलेला घास कोणाच्या तरी ताटातून गेलेला असतो. बहुतेक वेळा तो आईच्या ताटातला असतो, आणि ती ते बोलून दाखवत नाही. म्हणून त्या शून्याच्या जागी खरा आकडा आला पाहिजे.

मग आम्ही वर्गात बसून तो कागद नव्याने लिहिला. गावठी कुत्रा मोठा झाल्यावर त्याला दिवसाला दीडशे ग्रॅम तांदळाची कणी आणि चिकनच्या दुकानात मिळणारे दोनशे ग्रॅम पाय-माने धरले. कणी ४० रुपये किलो आणि पाय-माने ५० रुपये किलो, या भावाने रोजचे १६ रुपये झाले. महिन्याचे ४८०, वर्षाचे ५,७६०. यात भाजीचे चार तुकडे किंवा माशाचे डोके अधूनमधून पडले तर चांगलेच. मात्र कांदा, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या असतात. शिजवलेली हाडे फुटून घशात किंवा आतड्यात रुततात. आपण प्रेमाने बिर्याणीतले हाड टाकतो, त्यातही हा धोका आहेच.

त्यानंतर औषधपाणी. पहिल्या वर्षी रेबीजच्या लसीचे दोन डोस, पार्व्हो वगैरे रोगांच्या लसीचे दोन डोस आणि जंताची औषधे मिळून आम्ही २,००० रुपये धरले. नसबंदीचे एकदाच ४,००० धरले. पट्ट्याचे ३०० होतेच. एकूण बेरीज १२,०६० रुपये. म्हणजे पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे हजार रुपये. हे भाव आम्ही विचारपूस करून धरलेले आहेत. तुमच्या गावात ते कमी-जास्त असतील, तुम्ही तुमचे आकडे घाला. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात, तर खर्च पुष्कळ खाली येतो. तरीसुद्धा पंधरा हजारांतले एक हजार म्हणजे पंधरा रुपयांतला एक रुपया झाला. हा रुपया एक-दोन महिन्यांचा नाही. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. आज आठवीत असलेल्या या मुलाचे शिक्षण संपून तो नोकरीला लागेल, तेव्हाही ते पिलू दारात असेल.

आकडे फळ्यावर लिहिल्यावर वर्ग शांत झाला. एक मुलगी म्हणाली, “सर, मग लस सोडून द्या ना. गावातल्या कुत्र्यांना कोण लस देतं?”

मला राग आला नाही. कारण माझ्या अब्बांनीही हेच केले होते.

मी लहान असताना आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. अब्बा शिवणकाम करीत. रात्री उशिरापर्यंत मशीन चाले, आणि मोती ओट्यावर बसून राही. त्याला भाकरी मिळे, माशाचे पाणी मिळे, पण लस कधी टोचली नाही. अब्बा म्हणत, “माणसांच्या औषधाला पैसे नाहीत, कुत्र्याला कुठून आणू?” त्यात खोटे काहीच नव्हते. १९९८ साली एके दिवशी मोती विचित्र वागू लागला. खाईना, ओळखीच्या माणसावर गुरगुरे. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा त्याच्याशी खेळायला गेला, आणि मोतीने त्याच्या पोटरीचा लचका तोडला. तीन दिवसांत मोती मेला.

त्या काळी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ सालच्या सुमारास बंद झाली. इंजेक्शने सरकारी होती, त्यांना पैसे पडले नाहीत. पण त्या मुलाचे वडील परगावी कामाला होते. म्हणून अब्बा रोज त्याला एस.टी.ने घेऊन जात. चौदा दिवस मशीन बंद, तोंडावर आलेल्या ईदचे कपडे तसेच पडून. गिऱ्हाइके दुसऱ्या शिंप्याकडे गेली आणि त्यातली काही परत आलीच नाहीत. मुलगा वाचला, अल्लाहचे उपकार! परंतु त्या घराशी आमचे बोलणे कित्येक वर्षे पूर्वीसारखे झाले नाही. लसीचे जे पैसे अब्बांनी वाचवले होते, त्यांची ही किंमत होती. या किमतीसाठी कोणत्याही वहीत रकाना नसतो.

रेबीज हा फार जुना रोग आहे. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा त्यावरची लस टोचली, आणि तो मुलगा जगला. त्याला एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतातली असतात. रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. चावा बसल्यावर ताबडतोब जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचे. आता पोटात इंजेक्शने नसतात, दंडावर घ्यावी लागतात, तीही चार-पाचच. हळद, चुना, तिखट लावत बसू नये. मार बसेल म्हणून घरी चावा लपवणारी मुले मी पाहिली आहेत. लपवू नका.

आता कोणी म्हणेल, डोंगरावरच्या धनगरवाड्यांत आणि कातकरी वाड्यांत तर आमच्याहून गरीब लोक कुत्री पाळतात, त्यांना कसे परवडते? त्याचे उत्तर सोपे आहे. तिथला कुत्रा कामाला असतो. तो शेळ्या राखतो, बिबट्याची चाहूल देतो, रानात सोबत करतो. त्याची भाकरी म्हणजे त्याची मजुरी. गावातल्या गल्लीत राहणारा आपला कुत्रा असे काही कमावत नाही. तो नुसता आपल्याला हवासा वाटतो. हवासे वाटणे काही गुन्हा नाही, पण हवेपणाचे पैसे मोजावे लागतात. आणि खरे पाहता लसीवाचून त्या वाड्यांचेही चालू नये. तिथून दवाखाना तर आणखी लांब.

हल्ली दुसरा एक प्रकार दिसतो. दहा-पंधरा हजार देऊन शहरातून झुपकेदार केसांचे पिलू आणतात आणि मोटारसायकलवर पुढे बसवून बाजारातून फिरवतात. थंड मुलखातले ते जनावर कोकणातल्या मे महिन्यात जीभ बाहेर काढून पंख्याखाली पडून राहते. त्याच्या तयार खाण्याचाच महिन्याचा खर्च दोन-तीन हजारांच्या घरात जातो. वर्षभराने हौस फिटली की तेच कुत्रे एखाद्या पुलापलीकडे सोडून दिलेले आढळते. मला विचाराल, तर साध्या मिळकतीच्या घराने जातिवंत कुत्र्याच्या नादी मुळीच लागू नये. आपला गावठी कुत्रा इथल्या उन्हापावसाला सरावलेला असतो, कणी-भाकरीवर खूश असतो, आणि त्याला विकत घ्यावे लागत नाही.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न निघतो. अम्मी किंवा दादी म्हणतात, घरात कुत्रा नको, नमाजची जागा आहे. त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण अंगण आणि ओटा कशासाठी आहे? सूरह कह्फमध्ये गुहेतल्या लोकांबरोबर त्यांचा कुत्राही होता आणि तो उंबऱ्याशी बसला होता, हे तुम्हांला ठाऊक आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीसही तुम्ही ऐकली आहे. माझे एवढेच म्हणणे आहे की पाणी फुकट मिळते आणि लस विकत घ्यावी लागते, म्हणून आपण पाण्यापाशीच थांबतो.

आमच्या मोहल्ल्यातलेच उदाहरण घ्या. मोहल्ल्यात पाच-सहा कुत्री आहेत. ती कोणाचीच नाहीत, आणि सगळ्यांची आहेत. सकाळी दुकानावर येणारे एक गृहस्थ रोज पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा फोडून त्यांना घालतात. भला माणूस आहे. मी त्याच्या पुड्याचा हिशेब केला. रोज पाच रुपये म्हणजे वर्षाला १,८२५ रुपये. रेबीजच्या लसीचा एक डोस ३०० रुपयांचा धरला, तर तेवढ्या पैशांत सहा कुत्र्यांची वर्षाची लस होते. म्हणजे मोहल्ल्यातली सगळी कुत्री! आणि बिस्किटाने त्यांचे पोट तरी कुठे भरते? साखर खाऊन ती पुन्हा कचराकुंडीकडेच वळतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, असे केंद्र सरकारचे २०२३ सालचे नियम सांगतात. २०२५ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही खूप गाजला. नगरपालिकेकडे अर्ज जरूर करावा, मीही करतो. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत कुत्री आपल्याच गल्लीत असतात, आणि मुलेही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, आपल्यासारख्यांनी कुत्रा पाळावा, पण एकट्या घराने पाळू नये. चार घरांनी मिळून पाळावा. आमच्या कागदावरचे पहिल्या वर्षीचे हजार रुपये चार घरांत वाटले, की प्रत्येकाकडे अडीचशे येतात. दुसऱ्या वर्षापासून नसबंदीचा आणि पट्ट्याचा खर्च नसतो, लसही एकेकच लागते. मग हाच आकडा महिन्याला दीडशेच्याही खाली येतो. आणि पैसे हातात येताच पहिला खर्च लसीचा करावा, पट्टा आणि बिस्किटे नंतर. ज्या महिन्यात लसीचे पैसे जमत नाहीत, त्या महिन्यात कुत्रा दारात बांधू नये, असे मी स्पष्ट सांगतो. काही मुलांना हे कठोर वाटले. त्यांनी मोती पाहिलेला नाही.

त्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीनंतर मला नवा कागद आणून दाखवला. शेजारच्या तीन घरांची नावे होती, प्रत्येकापुढे रक्कम होती. त्यातले एक घर भाजीवाल्या काकूंचे आहे. त्यांनी पैशांऐवजी रोजची कणी द्यायचे कबूल केले आहे. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लसीच्या दोन तारखा होत्या आणि पहिल्या तारखेपुढे बरोबरची खूण होती. खाली त्याच्या अब्बांची सही होती. शेवटच्या ओळीत त्याने लिहिले होते : ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे गावाला गेल्यावर कुत्र्याला कोण बघणार?’ त्यापुढची जागा अजून कोरी आहे. वर्गात तीन मुलांनी हात वर केले होते. मी त्यांना सांगितले, आधी घरी विचारून या.